कागदी शिपायाचा चेहरा

जुलै २०२५ मध्ये रायगड आणि खांदेरी यांसह मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले, आणि त्या वर्षीच्या दिवाळीत आमच्या किनाऱ्यावरील मुलांच्या किल्ल्यांना विशेष भरते आले. दगड, विटांचे तुकडे, गोणपाट आणि चिकणमाती एवढी सामग्री त्यांना पुरते. उतारावर अळीव पेरला जातो, शिखरावर शिवाजी महाराज सिंहासनावर बसतात आणि पायऱ्यापायऱ्यांवर मातीचे मावळे पहारा देतात. या कामात धर्माची भिंत आड येत नाही. आमच्या धर्मग्रामातील ख्रिस्ती मुलेही शेजारच्या मुलांबरोबर कोपरापर्यंत चिखलात हात घालतात. नाताळात तीच शेजारची मुले आमच्या गव्हाणीसाठी पेंढा आणून देतात.

एका वाडीतील मुलांनी यंदा ठरविले, की लांबचा रायगड नको, रोज डोळ्यांसमोर दिसणारा कोर्लईचाच किल्ला बांधायचा. किल्ला कोर्लईचा, तेव्हा आत फिरंगी हवेत आणि बाहेर वेढा घालणारे मावळे हवेत. मावळे बाजारात मिळाले. फिरंगी मात्र एकाही दुकानात नव्हते. शत्रूच्या मूर्ती विकत कोण घेणार? तेव्हा ते कागदाचे करावेत असे ठरले, आणि ते काम ख्रिस्ती घरातील एका दहा-अकरा वर्षांच्या मुलाकडे आले. त्याची चित्रकला बरी, हे एक कारण. दुसरे कारण कोणी उच्चारले नाही, पण त्याच्या आईला ते ऐकू आले.

त्या माउलीने संध्याकाळच्या रोझरीनंतर आम्हास गाठले. ती म्हणाली, “फादर, शाळेत एक-दोन मुले माझ्या मुलाला चिडवताना फिरंगी म्हणतात. आता तोच घरी बसून फिरंगी कापतो आहे. हे बरे का? आणि मुळात लढाईचे खेळ आपल्या मुलांनी खेळावेत का?”

प्रश्न दोन होते, आणि दोन्ही खरे होते. पायरीवर उभ्या उभ्या आम्ही काहीतरी उत्तर देऊन वेळ निभावून नेली. परंतु रात्री झोप लागेना. कारण याच विषयात आमच्या हातून पूर्वी एक चूक घडली आहे. ती आधी सांगितली पाहिजे.

१९९९ सालची गोष्ट. गुरुदीक्षा होऊन आम्हास वर्षही झाले नव्हते आणि एका धर्मग्रामात आम्ही साहाय्यक धर्मगुरू होतो. कारगिलचे युद्ध चालू होते. वर्तमानपत्रे रणगर्जनांनी भरलेली, आणि सेमिनरीतून ताजे ताजे बाहेर पडलेल्या आमच्या डोक्यात शांतीचे तत्त्वज्ञान भरलेले. रविवारच्या उपदेशात आम्ही त्यावर आवेशाने बोलत होतो. अशातच कुटुंबभेटीला गेलो असता एका घरात येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली, दिव्याच्या दोन्ही बाजूंना, कागदी शिपायांची रांग मांडलेली दिसली. सिगारेटच्या पाकिटांतून कापलेले, हिरव्या खडूने रंगविलेले, प्रत्येकाच्या खांद्यावर बंदूक. आठ-नऊ वर्षांचा मुलगा शेजारीच उभा होता. “ख्रिस्ताच्या पायाशी बंदुका ठेवतात का, बाळा?” असे म्हणत आम्ही ती रांग मुठीत गोळा केली, चुरगाळली आणि दाराशेजारच्या केरात टाकली. मुलगा काही बोलला नाही. त्याची आई खाली पाहत राहिली. धर्मगुरूपुढे कोण बोलणार?

निघताना आजीने आम्हास अंगणात थांबविले. मुलाचा बाप फौजेत होता आणि त्या वेळी सरहद्दीवर होता. तीन आठवडे पत्र नव्हते. पोराने बापाच्या पलटणीतले म्हणून ते शिपाई केले होते. रोज रोझरीच्या आधी तो त्यांना उभे करी आणि रोझरी संपली की एकेकाला आडवे करून निजवी.

दुसऱ्या दिवशी आम्ही जाड कागद, रंगाची पेटी आणि कात्री घेऊन त्या घरी गेलो. क्षमा मागितली. मुलाने ऐकून घेतले आणि अदबीने म्हटले, “नको, फादर.” त्या युद्धात आपले ५२७ जवान कामी आले. त्या मुलाचा बाप सुखरूप परतला, ही देवाची कृपा. आमच्या शहाणपणाचा त्यात काही वाटा नव्हता. आम्ही बंदूक पाहिली, चेहरा पाहिला नाही. जी प्रार्थना होती तिला आम्ही युद्ध समजलो.

तेव्हापासून एक गोष्ट आम्हास पक्की कळली आहे, की खेळण्याची नैतिकता खेळण्याच्या आकारावरून ठरत नाही. संत थॉमस अॅक्विनास यांनी खेळाचा विचार गंभीरपणे केला आहे. शरीराला जशी विश्रांती लागते तशी आत्म्यालाही लागते आणि ती खेळातून मिळते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्यासाठी ते संत योहानाची एक जुनी कथा सांगतात. योहान शिष्यांसह खेळत असलेला पाहून काहींना ते खटकले. त्यांच्यातील एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाणामागून बाण सोडायला लावले आणि विचारले, हे असे अखंड चालेल का? तो म्हणाला, नाही, धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने सांगितले. खेळाला नको म्हणणारा माणूस फार धार्मिक असतो असे नाही. कधी कधी तो केवळ ताणलेला असतो. १९९९ साली आम्ही तसेच होतो.

परंतु एवढ्याने लढाईचा खेळ निर्दोष ठरत नाही. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचे पुस्तक लिहून खेळण्यातील शिपायांच्या लढाईचे नियम बांधून दिले. खऱ्या युद्धाचा मूर्खपणा ओळखायचा असेल तर हे छोटे युद्ध खेळून पाहावे, अशी त्यांची धारणा होती. हेतू चांगलाच होता. पण पुढच्याच वर्षी, १९१४ च्या ऑगस्टमध्ये, महायुद्ध पेटले. लहानपणी शिपाई मांडून खेळलेली पिढीच खंदकांत उतरली. त्या युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार परत आली नाहीत. तेव्हा खेळण्याने युद्ध टळते, ही समजूत भाबडी आहे. आणि खेळण्याने युद्ध होते, हीही तितकीच भाबडी. खेळणे मुलाच्या मनात काय पेरते हे ते खेळणे हाती कसे आले यावर पुष्कळ अवलंबून असते, असे आम्हास वाटते. येथेच कागदी शिपायाचे वेगळेपण आहे.

आयता शिपाई विकत घेता येतो. मोबाईलच्या पडद्यावर तर शेकडो शिपाई बोटासरशी उभे राहतात आणि बोटासरशी मरतात. मेलेला माणूस क्षणात पुसला जातो आणि मुलाच्या मनावर ओरखडाही उठत नाही. कागदी शिपाई मात्र घडवावा लागतो. वहीचे साधे पान चालत नाही. आमच्या समुद्राच्या वाऱ्यात ते लगेच मान टाकते. त्यासाठी जुनी लग्नपत्रिका किंवा कॅलेंडरचा जाड कागद हवा. आधी पेन्सिलीने आकृती काढायची, पायांखाली पट्टी सोडायची, रंग भरून वाळू द्यायचा, मग कात्री चालवायची. बंदुकीच्या नळीपाशी आणि टोपीच्या काठापाशी हात थबकतो. तेथे घाई केली की शिपायाचा हात तुटतो. शेवटी पट्टी मागे दुमडून मैद्याच्या खळीने पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बसवायची. एका शिपायामागे अर्धा तास सहज जातो. पावसाळ्यात कागद वाकडा होतो, त्याला कसर लागते. म्हणून जपणारी मुले आपला संग्रह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवतात. ज्याच्यासाठी अर्धा तास मान मोडून बसलो, त्याला फेकून देणे जड जाते. घडविणाऱ्याला घडविलेल्याविषयी माया वाटू लागते. आपण देवाला निर्माणकर्ता म्हणतो, तेव्हा त्या शब्दात ही मायाही आलीच.

कागदी शिपायांचा हा छंद फार जुना आहे आणि त्याचे माहेर फ्रान्सच्या पूर्व सरहद्दीवरील स्ट्रासबुर्ग शहर मानले जाते. अठराव्या शतकापासून तेथील छापखाने एकेका पानावर शिपायांच्या रांगा छापीत. लोक ती पाने पुठ्ठ्यावर चिकटवून कापीत. त्याच भागातील एपिनाल गावी १७९६ मध्ये स्थापन झालेल्या पेलरँ यांच्या छापखान्याने अशी पाने घरोघर पोहोचविली. स्ट्रासबुर्गचे हौशी नागरिक तर गावातून जाणाऱ्या पलटणी पाहून पलटणीच्या पलटणी हाताने रंगवीत; नेपोलियनच्या सैन्याचा पोशाख अभ्यासताना इतिहासकार या कागदी शिपायांचीही साक्ष काढतात. आणि त्या शहराचे नशीब पाहा. १८७१ मध्ये ते जर्मनांकडे गेले, १९१८ मध्ये फ्रेंचांकडे आले, १९४० मध्ये पुन्हा जर्मनांकडे आणि १९४४ मध्ये पुन्हा फ्रेंचांकडे. पाऊणशे वर्षांत चार वेळा झेंडा बदलला. कालचा शत्रू आज राज्यकर्ता आणि आजचा राज्यकर्ता उद्या शत्रू, असे जेथे घडते तेथे कात्री धरणाऱ्याने कोणत्या शिपायाला आपला म्हणावे?

आपल्या कोकणातही कागदावरच्या योद्ध्यांची एक परंपरा आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथी सांगतात. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे कागदावर रंगवून त्यांची पोथी केलेली असते आणि एकेक चित्र दाखवीत कथा गायली जाते. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली. या चित्रांत एक गोष्ट लक्षात येते. राम ज्या कुंचल्याने रंगविला, त्याच कुंचल्याने रावणही रंगविलेला असतो, आणि त्याचे दागिने, मुकुट, डोळे यांत कसर केलेली नसते. कथेत रावणाचा पराभव होणारच. पण चित्रकार त्याला आधीच अर्धवट काढून मोकळा होत नाही.

आता कोर्लईकडे वळू. आईच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेथील दगडांतच आहे. हा किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून रक्तपात करून घेतला, आणि तो करणारे आपल्याच प्रभूचे नाव घेत होते, हे आपण लपवू नये. पुढे कित्येक वर्षे मराठे आणि पोर्तुगीज येथे झुंजले. वसई १७३९ मध्ये पडली आणि १७४० च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. १८१८ नंतर इंग्रज आले, आणि तेही गेले. झेंडे असे येत-जात राहिले, पण पायथ्याचे गाव हलले नाही. तेथील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज शब्दांनी भरलेली एक आगळी बोली आजही बोलली जाते. तिला ते लोक ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. मराठ्यांच्या राज्यात ती बोली मेली नाही आणि माउंट कार्मेल मातेची भक्तीही आटली नाही. जिंकणाऱ्यांनी त्या कोळी-शेतकरी माणसांना फिरंग्यांबरोबर समुद्रात लोटले नाही. ती येथलीच आहेत हे त्यांना ठाऊक होते. उलट, १६५९ च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या पहिल्या आरमारासाठी जहाजे बांधण्याच्या कामावर पोर्तुगीज कारागीर होते, हेही इतिहासात नोंदलेले आहे. रणांगणावरच्या रांगा मुलांच्या किल्ल्यावर दिसतात तितक्या सरळ कधीच नव्हत्या.

म्हणून त्या माउलीला आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की तुमचा मुलगा फिरंगी नाही. तो या मातीतला, मराठी बोलणारा, या खाडीचे मासे खाऊन वाढलेला मुलगा आहे, आणि हे त्याला घरात स्पष्ट सांगितले पाहिजे. शाळेतही शांतपणे, न भिता सांगितले पाहिजे. दुसरी गोष्ट जरा अवघड आहे. फिरंगी हा शब्द झटकून टाकताना मुलाच्या मनात असे बसू नये, की जो खरोखर फिरंगी होता तो माणूसच नव्हता. आपल्यावरचा शिक्का पुसण्यासाठी तो दुसऱ्याच्या कपाळी मारणे, हा ख्रिस्ताचा मार्ग नव्हे. प्रभूने शत्रूवर प्रीती करण्यास सांगितले, तेव्हा शत्रू नसतातच असे तो म्हणाला नाही. पवित्र शास्त्रातला शताधिपती परक्या, जुलमी सैन्याचा अधिकारी होता. तरी प्रभूने त्याच्या विश्वासाचे कौतुक केले, आणि त्याची विनवणी आजही आपण प्रत्येक मिस्सामध्ये ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी म्हणतो. शत्रूच्या छावणीतील एका शिपायाचे शब्द आपल्या वेदीपाशी येऊन राहिले आहेत, याचा आपण कधी विचार करतो का?

वसुबारसेच्या दिवशी आम्ही त्या मुलाच्या घरी गेलो. चौदा टोपीकर तयार होते. टोप्या, बंदुका, लाल-निळे डगले, सगळे सुरेख. चेहरे मात्र कोरे.

“चेहरे राहिले का रे?” आम्ही विचारले.

“शत्रूला चेहरा कशाला, फादर?” तो म्हणाला. “लक्ष्मीपूजनाच्या रात्री लवंगी लावून उडवायचेच आहेत.”

या वेळी आम्ही काही चुरगाळले नाही, उपदेशही केला नाही. एवढेच म्हटले, की आधी चेहरे काढ, मग काय करायचे ते तुम्ही मुलांनी ठरवा. जाता जाता त्याच्या सोबत्यांना १७४० च्या तहाची हकीकत सांगितली. कोर्लई मराठ्यांकडे अखेर तहाने आले हे त्यांना ठाऊकच नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याने चेहरे काढून दाखविले. एकाला मोठ्या मिशा होत्या, एक तिरळा होता, एक म्हातारा पेंगुळलेला होता. कोऱ्या कागदावर चेहरा काढायचा तर मुलाला ओळखीचाच चेहरा आठवतो. म्हाताऱ्याचे नाक त्याच्या आजोबांचे होते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री किल्ल्यापाशी मुलांचे चांगलेच भांडण जुंपले. काही म्हणाले, उडवा, ठरले होते. काही म्हणाले, थांबा. ज्याच्या अंगणात किल्ला होता, तो शेजारचा हिंदू मुलगा म्हणाला, “वेढा आहे ना? मग तह करू.” दोन टोपीकर तरीही लवंगीने उडाले, मुले ती मुलेच. उरलेल्या बारांनी बंदुका ठेवल्या आणि ते माचीवरून खाली उतरले. मावळ्यांनी किल्ला ताब्यात घेतला.

चिडविणे यामुळे थांबले, असे आम्ही सांगणार नाही. आम्हास ते ठाऊक नाही, आणि एका दिवाळीने ते थांबेल असेही वाटत नाही. त्या आईची काळजी संपलेली नाही. पण तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडला तेव्हाची एक गोष्ट आम्ही डोळ्यांनी पाहिली. त्या घरच्या आजी पुढच्या वर्षासाठी मावळे डब्यात भरीत होत्या. कागदी फिरंगी ओसरीवर पडले होते. नातवाने विचारले, “आजी, हे टाकून देऊ?” आजींनी एकेक उचलून धूळ झटकली आणि त्याच डब्यात मावळ्यांच्या शेजारी ठेवला. वर कडुनिंबाची डहाळी घातली. “पुढच्या वर्षी वेढा कुणाला घालाल मग?” एवढेच त्या म्हणाल्या.

पालकहो, आपल्या मुलांच्या हाती कात्री आणि कागद द्या. त्यांनी शिपाई केले तर घाबरू नका. जगात सैन्ये आहेत, सरहद्दी आहेत, आणि देशाचे रक्षण करणाऱ्याकडे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनेही आदराने पाहिले आहे. मुलांनी आपले शिपाई जरूर मांडावेत. फक्त दुसऱ्या बाजूचे शिपाईही त्यांनीच करावेत, तेवढ्याच चांगल्या कागदाचे, तेवढाच वेळ देऊन. आणि त्यांचे चेहरे कोरे राहिलेले दिसले तर रंगाची पेटी पुढे सरकवून त्यांच्याजवळ थोडा वेळ बसा. ते काम आम्ही एकदा केले नाही. त्या मुलाचा “नको, फादर” हा शब्द अजून आमच्या कानांत आहे.